मर्यादा, शोभा आणि पांढरी साडी : पंडिता रमाबाईंच्या वेशाचे एक वाचन

प्रस्तावना

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्याविषयी मराठीत विपुल चरित्रपर लेखन झाले आहे. त्यांचे पांडित्य, धर्मांतर, शारदासदन, केडगावचे मुक्तिसदन या विषयांची चर्चा वेळोवेळी होत आली आहे. त्यांच्या वेशाकडे मात्र समीक्षेने स्वतंत्रपणे पाहिले आहे असे म्हणता येत नाही. पांढरी सुती साडी, अंगभर पोलके, आखूड केस, अलंकारांचा पूर्ण अभाव असे त्यांचे रूप छायाचित्रांमुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. या रूपाचा अर्थ ‘साधेपणा’, ‘वैराग्य’ किंवा ‘वैधव्य’ या तीन शब्दांपैकी एखाद्याने लावून पुढे जाण्याची प्रथा पडली आहे. प्रस्तुत लेखात हा अर्थ कितपत टिकतो याचा विचार करावयाचा आहे. ख्रिस्ती स्त्रीने मर्यादशील आणि तरीही शोभिवंत कसे दिसावे, हा ख्रिस्ती परंपरेतील जुना प्रश्न आहे. रमाबाईंनी त्याचे उत्तर ग्रंथ लिहून दिलेले नाही, ते अंगावर वागविले. म्हणून ते वाचावे लागते.

पौलाच्या नावे असलेले पत्र

ख्रिस्ती स्त्रीच्या पोशाखाची चर्चा निघाली की नव्या करारातील दोन स्थळांचा आधार हटकून घेतला जातो. एक तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे, दुसरे पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात. तीमथ्याला लिहिलेली पत्रे पौलाची नव्हेत असे अनेक अभ्यासक मानतात; परंतु येथे प्रश्न कर्तृत्वाचा नसून वाचनाचा आहे. प्रवचनांतून आणि उपदेशपर पुस्तिकांतून या स्थळांचा अर्थ बहुधा ‘अंग झाकावे’ असा सांगितला जातो. प्रत्यक्षात दोन्ही ठिकाणी उघड्या अंगाचा उल्लेखच नाही. गुंफलेले केस, सोने, मोती आणि मोलाची वस्त्रे असे उल्लेख आहेत. म्हणजे रोख आहे तो संपत्तीच्या प्रदर्शनावर.

हा रोख त्या काळाच्या संदर्भात अधिक स्पष्ट होतो. रोमन साम्राज्यातील श्रीमंत स्त्रिया दासींकडून केसांच्या उंच, गुंतागुंतीच्या रचना करवून घेत आणि त्यांत सोने गुंफीत. लोलिया पाउलिना या उमराव स्त्रीच्या अंगावर एका साध्या मेजवानीच्या वेळी पाचू आणि मोत्यांचे चार कोटी सेस्टर्स किमतीचे दागिने होते, अशी नोंद प्लिनीने केली आहे. अशा जगात गुलाम आणि मालकिणी एकाच घरात प्रार्थनेला जमत होत्या. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घालून आलेल्या मनुष्याला मानाची जागा आणि फाटक्या वस्त्रातील गरिबाला पायाशी जागा देणाऱ्या मंडळीची जी कानउघाडणी आहे, ती याच परिस्थितीतून आली आहे. तीमथ्याच्या पत्रातील उपदेश तिच्याशेजारी ठेवून वाचला तर तो पुरुषांच्या नजरेपासून स्त्रीचे रक्षण करण्यापेक्षा गरीब बहिणीला ओशाळे वाटू नये यासाठी केलेला दिसतो.

भाषेचाही मुद्दा येथे लक्षात घेतला पाहिजे. मूळ ग्रीकमध्ये वेशासाठी ‘कोस्मिओस’ हे विशेषण आहे आणि नटण्यासाठी ‘कोस्मेइन’ हे क्रियापद आहे. दोन्ही ‘कोस्मोस’ या एकाच शब्दाशी निगडित आहेत. त्याचा अर्थ सुव्यवस्था, मांडणी, आणि त्यातूनच विश्व. म्हणजे शोभा आणि सुव्यवस्था यांचे कूळ एक आहे. पत्रलेखक स्त्रीला नटू नको असे म्हणत नाही. कशाने नटावे एवढेच सांगतो. मराठीत या ठिकाणी सहज येणारा शब्द ‘मर्यादा’ हा आहे. तो चांगला, भारदस्त शब्द आहे. पण त्याच्या पोटात सीमा आहे, कुंपण आहे. ‘मर्यादा राखणे’ म्हणताच घराचा उंबरठा, डोक्यावरचा पदर, खाली घातलेली मान असे सर्व काही त्यात येऊन बसते. त्यामुळे मूळच्या उपदेशातील पैशाचा प्रश्न मागे पडला आणि अंगाचा प्रश्न पुढे आला. हे केवळ मराठीत घडले असे नव्हे. रोमन कॅथलिक धर्मसभेच्या १९१७ च्या विधिसंहितेत स्त्रियांनी उपासनेच्या वेळी मस्तक झाकावे आणि मर्यादशील वेश करावा असा नियम होता. मोत्यांच्या किमतीची चौकशी त्या नियमात नव्हती. १९८३ च्या संहितेत तो नियमही राहिला नाही. बारावे पायस यांनी ८ नोव्हेंबर १९५७ रोजी उच्च फॅशनच्या व्यावसायिकांपुढे केलेल्या भाषणात वस्त्राची आरोग्य, लज्जारक्षण आणि शोभा अशी तीन प्रयोजने मांडली आणि फॅशनला सरसकट दोषी ठरविले नाही, ही गोष्ट धर्मोपदेशकांच्या बोलण्यात क्वचितच येते.

वेश आणि दर्जा

भारतात हा उपदेश आला तेव्हा त्याला आणखी एक वळण मिळाले. येथे वस्त्रावरून जात कळत होती. त्यामुळे ख्रिस्ती स्त्रीने काय नेसावे, या प्रश्नाचा खरा अर्थ ती आता कोणाची, असा झाला. गोव्यात १७३६ साली धर्मन्यायपीठाने काढलेल्या हुकूमनाम्यात एतद्देशीय ख्रिस्ती पुरुषांना धोतर आणि स्त्रियांना चोळी वापरण्यास मनाई करण्यात आली होती. चोळी काही अंग उघडे टाकणारे वस्त्र नव्हे. तिचा दोष एवढाच की ती हिंदू शेजारणीच्या अंगावरही होती. याउलट उत्तर कोकणात, वसई आणि मुंबईच्या परिसरातील ज्या ख्रिस्ती समाजाच्या एका भागाने १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले, त्या समाजातील गावकरी स्त्रियांनी लुगडे सोडले नाही. एकाच धर्माच्या, एकाच किनाऱ्यावरील दोन समाजांत मर्यादेचे माप वेगळे होते.

त्रावणकोरमधील उदाहरण याहून बोलके आहे. तेथे नाडर स्त्रियांना वरिष्ठ जातींच्या स्त्रियांप्रमाणे छातीवर वस्त्र घेण्याची मनाई होती. ख्रिस्ती झालेल्या नाडर स्त्रियांनी अंग झाकण्यास प्रारंभ केला तेव्हा अनेक वर्षे दंगे झाले. अखेर २६ जुलै १८५९ च्या जाहीरनाम्याने त्यांना अंग झाकण्याची मोकळीक दिली, परंतु वरिष्ठ जातींच्या स्त्रियांच्या पद्धतीने नव्हे, ही अट कायम ठेवून. अंग झाकण्याला राज्यसत्तेचा आक्षेप उरला नव्हता. सारखे दिसण्याला होता. मिशनरी साहित्यात ही घटना लज्जारक्षणाचा विजय म्हणून सांगितली जाते. नाडर स्त्रियांनी मिशनऱ्यांनी सुचविलेल्या सैल जाकिटावर समाधान न मानता वरिष्ठ स्त्रियांसारखे उपरणेच घेण्याचा आग्रह का धरला, हे त्या सांगण्यात नीट उलगडत नाही. त्यांना मर्यादा हवी होती तशी शोभाही हवी होती, आणि शोभेत बरोबरी होती.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये हाच प्रश्न महाराष्ट्रीय ब्राह्मण घरात सोवळ्याच्या रूपाने येतो. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळ्याचे वेड हा त्या आत्मकथनातील अविस्मरणीय भाग आहे. सोवळ्याच्या जगात वस्त्राची किंमत, रंग, झाकपाक या गोष्टी दुय्यम असतात. ते कोणी शिवले हे महत्त्वाचे असते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला आणि लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधल्या काळात त्यांच्या मनातील शिवाशीव गळून पडत गेली ती प्रवचनाने नव्हे, स्वतःच्या विचाराने. वस्त्र पुन्हा केवळ वस्त्र होणे, ही त्यांच्या धर्मांतराची एक बाजू आहे आणि ती कोणत्याही नव्या पोशाखापेक्षा मोठी आहे.

वँटेजचा क्रूस

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वँटेज येथे झाला. तेथील मठातील सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक झाल्या. या दोघींचा आणि संबंधित इतरांचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने इंग्रजीत प्रसिद्ध केला. रमाबाईंच्या मनाचा ठाव घेण्यासाठी या खंडाइतके मोलाचे दुसरे साधन नाही. त्यातील वादांचा मोठा भाग त्रैक्य, धर्मगुरूंचा अधिकार, रमाबाईंचे अध्यापन यांच्याशी संबंधित आहे. रमाबाई शाकाहारी राहिल्या, याबद्दलही सिस्टर जेराल्डीन यांच्या मनात किंतु होता. त्यांना त्यात जातीच्या अभिमानाचा अवशेष दिसत होता. रमाबाईंचे म्हणणे असे की, ज्या चालीरीतींत नैतिक दोष नाही त्या ख्रिस्ती झाल्यामुळे सोडण्याचे कारण नाही.

अंगावर वागवावयाच्या एका वस्तूवरून मात्र स्पष्ट वाद झाला. ती वस्तू म्हणजे क्रूस. त्यावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंनी विचारले ते थोडक्यात असे : जी भाषा आपल्याला आणि आपल्या देशबांधवांना कळत नाही, तिच्यातील अक्षरे गळ्यात कशासाठी घालावयाची? लॅटिनमध्ये संस्कृतपेक्षा अधिक पवित्र असे काय आहे? ही शंका वरवर किरकोळ वाटते. तिच्यात रमाबाईंची संपूर्ण भूमिका आहे. क्रूसाला त्यांचा विरोध नव्हता. न कळणाऱ्या खुणेने स्वतःला सजविण्याला विरोध होता. ज्या स्त्रीने लहानपणापासून पुराणे सांगत सारा देश पालथा घातला आणि अर्थ न कळता ऐकणारे श्रोते पाहिले, तिने दुसऱ्या धर्मात पुन्हा न कळणारी अक्षरे स्वीकारावीत अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होते. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसरे तसलेच जोखड मानेवर घेणार नाही, असे त्यांनी याच पत्रव्यवहारात बजावले आहे.

सिस्टर जेराल्डीन यांना यात विनयाचा अभाव जाणवला. त्यांच्या दृष्टीने मर्यादशील स्त्री म्हणजे आज्ञाधारक स्त्री. सिस्टरांचा हेतू शुद्ध होता आणि रमाबाईंवर त्यांची माया होती, याबद्दल पत्रांत शंकेला जागा नाही. परंतु उपासना, आहार आणि अंगावरची खूण या सर्वच बाबतींत नम्रतेची कसोटी स्वतःच्या देशाची रीत हीच धरण्याची चूक त्यांच्याकडून झाली आहे. ‘कोस्मिओस’चा अर्थ त्यांनी आपल्या मठाची व्यवस्था असा घेतला, असे म्हणावयास हरकत नाही.

पांढरी साडी आणि आलवण

आता पांढऱ्या साडीकडे वळता येईल. रमाबाईंचे पती बिपिनबिहारी मेधावी फेब्रुवारी १८८२ मध्ये वारले. त्यानंतर त्या पुण्यास आल्या. त्यांची पांढरी साडी ही वैधव्याची खूण होय, असे मराठी वाचक सहज गृहीत धरतो. परंतु महाराष्ट्रातील केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेचे रूढ वस्त्र पांढरे नव्हतेच. ते तांबडे होते. आलवण म्हणतात ते हेच. पांढरी साडी ही विधवेची खूण बंगालमध्ये होती, आणि रमाबाईंना वैधव्य आले ते त्याच प्रदेशाकडे. पुण्याच्या पेठांतून पांढऱ्या साडीत वावरणारी रमाबाई म्हणजे चारचौघींसारखी विधवा नव्हती. आलवण न नेसणारी विधवा, असा तिचा अर्थ होता.

चरित्रकारांनी हा फरक फारसा विचारात घेतला नाही. तो विचारात घेतला की ‘वैधव्याची खूण’ हे वाचन अपुरे ठरते. आलवण हे शिक्षेचे वस्त्र होते. रमाबाईंची पांढरी साडी ही त्यांनी स्वतः स्वीकारलेली होती. पांढऱ्या रंगाला ख्रिस्ती परंपरेतही स्वतंत्र अर्थ आहे. बाप्तिस्म्याचे वस्त्र पांढरे असते आणि प्रकटीकरणाच्या पुस्तकात तारलेल्यांची वस्त्रे पांढरी आहेत. बंगाली वैधव्य आणि ख्रिस्ती नवजन्म हे दोन अर्थ एकाच कापडात एकत्र आले. ते मुद्दाम आणले गेले की आपसूक आले, हा प्रश्न सोडून दिला तरी चालेल.

याहून महत्त्वाचे असे की या वेशाने महाराष्ट्रीय समाजाची एक सोय केली. ख्रिस्ती स्त्री कपाळावर कुंकू लावीनाशी झाली की शेजारपाजारच्या नजरेत ती विधवा ठरते. नवरा जिवंत असलेल्या ख्रिस्ती स्त्रीपुढे हा पेच रोजचा होता. रमाबाईंच्या बाबतीत तो उद्भवलाच नाही. त्यांचे मोकळे कपाळ हिंदूंना विधवेचे वाटले आणि मिशनऱ्यांना ख्रिस्ती स्त्रीचे. १८९३ मध्ये शारदासदनावर धर्मप्रसाराचा आरोप होऊन रानडे, भांडारकर आदी मंडळी सल्लागार समितीतून बाहेर पडली आणि ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. त्या वादळानंतरही महाराष्ट्राच्या स्मरणात रमाबाईंना जी जागा मिळाली ती प्रामुख्याने त्यांच्या विधवा असण्यामुळे. त्यांची साडी ‘वैधव्याची’ ठरवून समाजाने त्यांच्या ख्रिस्तीपणाकडे काणाडोळा केला, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही. आजच्या समीक्षेने तरी ही सवलत नाकारली पाहिजे.

अमेरिकेतील व्यासपीठांवर या साडीने निराळे काम केले. १८८६ ते १८८८ या काळात रमाबाई तेथे व्याख्याने देत फिरल्या आणि डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना होऊन दहा वर्षांच्या मदतीचे आश्वासन मिळाले. त्या श्रोत्यांना पांढऱ्या साडीतील ही कृश स्त्री आकर्षक वाटली असल्यास नवल नाही. रमाबाई या परिणामाविषयी अजाण होत्या असे मानण्याचे कारण नाही. साधेपणालाही एक दर्शनी बाजू असते आणि सभा जिंकण्यासाठी तिचा उपयोग होतो. त्यात वावगे काही नाही.

कॉर्नेलिया सोराबजी

याच प्रदेशातील दुसऱ्या एका ख्रिस्ती स्त्रीचे चित्र शेजारी ठेवले म्हणजे रमाबाईंचे उत्तर हे एकमेव नव्हते हे ध्यानात येते. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ मध्ये नाशिक येथे झाला. वडील पारशी असून ख्रिस्ती झालेले. डेक्कन कॉलेजच्या त्या पहिल्या विद्यार्थिनी. १८८९ मध्ये ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये तेथील उच्च कायद्याची परीक्षा देणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. घरचे वळण इंग्रजी असूनही त्यांनी साडी सोडली नाही. मात्र ही साडी पारशी पद्धतीची, काठाची, डोक्यावरून घेतलेली आणि सरळसरळ देखणी होती. पारशी घरांतील हीच नेसण्याची पद्धत १८६४ मध्ये मुंबईला आलेल्या ज्ञानदानंदिनी देवी टागोर यांनी पाहिली आणि झंपर-परकराची जोड देऊन बंगालमध्ये नेली. आज सभ्य समजली जाणारी साडी तिच्यातून पुढे आली आहे. तिची सुरुवात फॅशन म्हणूनच झाली होती.

कॉर्नेलियाबाईंची राजकीय मते साम्राज्यनिष्ठ होती आणि त्यामुळे त्यांच्याविषयी मराठीत आस्था निर्माण झाली नाही. परंतु वेशाच्या प्रश्नात त्यांची बाजू दुबळी नाही. त्यांनी नटणे आणि ख्रिस्ती असणे यांत विरोध मानला नाही, आणि नटताना परदेशी पोशाखही घेतला नाही. तीमथ्याच्या पत्राची कसोटी लावली तर त्यांच्या रेशमावर बोट ठेवता येईल. रमाबाईंच्या सुती साडीवर येणार नाही. हा फरक खराच आहे. पण तो मर्यादशील आणि निर्लज्ज यांतील फरक नव्हे, तो खर्चाचा आहे.

मुक्तिसदन

येथवरचे विवेचन रमाबाईंच्या बाजूने झाले आहे. त्याला एक अडचण आहे आणि ती केडगावला आहे. १८९६–९७ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रमाबाईंनी मध्य प्रांत, गुजरात इत्यादी भागांतून शेकडो मुली आणि स्त्रिया मुक्तिसदनात आणल्या, त्यांचे प्राण वाचविले, त्यांना विणकाम, शिवण, छपाई शिकविली. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच स्त्रियांच्या हातांनी छापले गेले. ते १९२४ मध्ये, रमाबाईंच्या मृत्यूनंतर, पूर्ण स्वरूपात बाहेर आले. केसांच्या गुंफणीविषयीची आणि मोत्यांविषयीची ओळसुद्धा त्यांपैकीच कोणीतरी खिळ्यांनी जुळविली असणार.

मुक्तिसदनाच्या अनेक छायाचित्रांत या स्त्रिया पांढऱ्या वस्त्रांत रांगेने बसलेल्या दिसतात. रमाबाईंनी पांढरा रंग स्वतःसाठी निवडला, आणि निवडण्यापूर्वी त्यांनी दुसरे रंग पाहिले होते. दुष्काळातून आलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीने कोणता रंग सोडला? तिच्या अंगावर आले तेव्हा चिंधीच होती. रंगीत चोळी, हातभर काचेच्या बांगड्या, वेणीत एखादे फूल यांची हौस तिला वाटली असेल तर तिला तीमथ्याच्या पत्रातील श्रीमंत मालकिणींच्या पंक्तीला बसविणे योग्य नव्हे. संस्थेच्या शिस्तीला एकसारखा वेश सोयीचा असतो, कापडाचा खर्चही कमी येतो, आणि शेकडो मुलींना एकदम वस्त्र पुरविणाऱ्या बाईंपुढे दुसरा मार्ग बहुधा नव्हता. तरीही ज्या रमाबाईंनी न कळणारी अक्षरे गळ्यात घालण्यास नकार दिला, त्यांच्याच घरात या मुलींना नकार देण्याची जागा कितपत होती, हा प्रश्न त्यांच्या चरित्रलेखनात विचारला गेलेला नाही. मुक्तिसदनातील स्त्रियांच्या वस्त्रांचा विचार आजवर झाला तो विणकाम-विभागाच्या कामगिरीच्या अंगाने. नेसणाऱ्या मुलीच्या अंगाने तो अजून व्हावयाचा आहे.